तिसऱ्या कडव्यापर्यंत थांबावे : मन हेलावणारी कंट्री गाणी ऐकण्याची एक रीत

पहिले कडवे ऐकून कंट्री गाणे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ग्रामीण भागातून आलेले गाणे, बंद करणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे फार चुकते असेही म्हणता येत नाही, कारण पहिल्या कडव्यात बहुधा काही घडतच नाही. ख्याल, नाट्यपद आणि भावगीत यांवर पोसलेल्या कानाला सुरुवातीच्या दोन ओळींतच चालीचे काही वळण हवे असते. ते मिळाले नाही की हात आपोआप पुढच्या गाण्याकडे जातो. कंट्री गाण्याची चाल मात्र मुद्दामच साधी ठेवलेली असते. तीन-चार कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरांचे गट), सरळ ठेका, आणि पुढची ओळ कोणत्या स्वरावर येऊन टेकणार याचा अंदाज आधीच यावा अशी बांधणी. गाण्याचा सारा जीव गोष्टीत असतो आणि गोष्ट उलगडते ती शेवटच्या कडव्यात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी श्रोत्याला ही रीत अंगवळणी पडायला वेळ लागू नये, कारण जात्यावरच्या ओव्यांपासून सौंदत्तीच्या डोंगरावर चौंडक्याच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या रेणुकेच्या गाण्यांपर्यंत, गाण्यातून गोष्ट ऐकण्याची सवय आपल्याला जुनीच आहे.

पालुपद कशासाठी आहे ते सर्वांत आधी ओळखावे. अभंगात ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते तेव्हा अर्थ तोच राहतो आणि भाव दाटत जातो. चांगल्या कंट्री गाण्यात शब्द तेच राहतात, पण दर खेपेला ते वेगळ्या प्रसंगावर येऊन पडतात आणि त्यांचा अर्थ पालटतो. म्हणून पालुपद आले की मनाशी दोन प्रश्न विचारावेत : आता हे कोण बोलत आहे, आणि कोणाला? एवढी एक सवय लावून घेतली की निम्मे काम झाले.

याचा सराव करण्यासाठी टिम मॅकग्रॉ यांचे १९९४ चे ‘डोन्ट टेक द गर्ल’ हे गाणे सोयीचे आहे. इंग्रजी सोपे, उच्चार स्पष्ट आणि गोष्ट तीन टप्प्यांची. आठ वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर मासे धरायला निघाला आहे. एक मुलगीही बरोबर यायचे म्हणते, तेव्हा तो वडिलांना विनवतो की दुसऱ्या कोणालाही घ्या, हिला नको. दहा वर्षांनी तेच दोघे सिनेमाला गेलेले असताना एक अनोळखी माणूस बंदूक घेऊन समोर येतो. आता तो त्या माणसाला विनवतो की पैसे घे, आजोबांनी दिलेले घड्याळ घे, गाडीची किल्ली घे, पण हिला नेऊ नको. तिसऱ्या कडव्यात ती बाळंत झालेली आहे, मूल सुखरूप आहे, पण तिची प्रकृती ढासळत चालल्याचे डॉक्टर सांगतात आणि त्याला बाहेर जायला लावतात. तो गुडघे टेकून देवाला तेच शब्द म्हणतो. पुढे काय झाले ते गाणे सांगत नाही, ते पहिल्या ओळीवर, मासे धरायला निघालेल्या त्या मुलावर परत येते. गाणे जरा बेतलेले आहे, हे मान्य करायला हरकत नाही. लेखकांनी तीन प्रसंग फार नेटके जुळवले आहेत आणि दोनतीनदा ऐकल्यावर शिवण दिसू लागते. तरीही पालुपदाचे काम कसे चालते हे एका बैठकीत समजण्यासाठी याहून सरळ नमुना मिळणे कठीण.

हे समजल्यावर कॅथी मॅटिया यांच्या ‘व्हेअरव्ह यू बीन’ या १९८९ च्या गाण्याकडे वळावे. गीतकार जॉन व्हेझनर हे मॅटियांचे पती, आणि डॉन हेन्री यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या या गाण्याला आधार त्यांच्याच आजीआजोबांच्या हकिकतीचा आहे. लग्नाची आशा जवळजवळ सोडून दिलेल्या बाईला मनाजोगता माणूस भेटतो, तेव्हा ती त्याला विचारते की इतके दिवस कुठे होतास. पुढे एका वादळी रात्री फिरतीच्या नोकरीवरून घरी यायला त्याला उशीर होतो, तेव्हा काळजीने तोच प्रश्न. साठ वर्षांच्या संसारानंतर दोघेही इस्पितळात, वेगवेगळ्या मजल्यांवर; तिची स्मृती गेलेली, घरच्यांची नावेही आठवत नाहीत, बोलणे बंद. मग एके दिवशी त्याला चाकांच्या खुर्चीतून तिच्या खोलीत आणतात. पुढचे इथे लिहून टाकणे बरे नव्हे, पण ज्याने पहिल्या दोन वेळी त्या प्रश्नाकडे लक्ष दिले असेल त्याला तिसऱ्यांदा काय येणार हे आधीच कळते, आणि कळूनही उपयोग होत नाही. साथीला वाद्ये फार थोडी आहेत, हेही ऐकताना ध्यानात घ्यावे. गर्दी केली असती तर त्या शेवटच्या ओळीला श्वास घ्यायला जागा राहिली नसती.

भाषेची अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय एकच : शब्द आधी वाचावेत. टेनेसी, केंटकी, टेक्सस या दक्षिणेकडच्या भागांतले उच्चार स्वर ताणणारे आणि शब्दाचे शेवट गिळणारे असतात. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांनाही ते पहिल्या ऐकण्यात पूर्ण लागत नाहीत. गाण्याचे शब्द शोधून एकदा सावकाश वाचावेत, अडलेला शब्द कोशात पाहावा आणि गाणे लावल्यावर मात्र फोनचा पडदा बाजूला ठेवावा, कारण वाचत वाचत ऐकले की डोळा कानाच्या पुढे धावतो आणि शेवट आधीच कळतो. सीमाभागातल्या श्रोत्याने एका गोष्टीबद्दल अधिक सावध राहायला हवे. ज्या घरात आजी मराठी भजन म्हणते आणि शेजारच्या घरातून कन्नड दासपदे ऐकू येतात, त्या घरातील माणसाला अर्धवट कळणाऱ्या भाषेतले गाणे मनापासून ऐकता येते, आणि ती एरवी मोठी जमेची बाजू आहे. इथे तीच नडते. अर्धवट कळण्यावर समाधान मानले तर कंट्री गाण्यातला तपशील निसटतो, आणि तपशील गेला की मागे फक्त एक साधीशी चाल उरते. गाण्यात एखादे साल, एखादी वस्तू, एखाद्या माणसाचे नाव आले तर ते उगाच आलेले नाही असे धरून चालावे.

जॉर्ज जोन्स यांचे १९८० चे ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे गाणे जाणकार नेहमी अगदी वरच्या क्रमांकावर ठेवतात, आणि ते तपशिलावरच उभे आहे. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांनी ते लिहिले आणि बिली शेरिल यांनी ध्वनिमुद्रित केले. बोलणारा माणूस नायकाचा मित्र आहे, हे पहिल्यापासून लक्षात ठेवावे. सारे त्याच्याच तोंडून येते. नायकाने आपल्या प्रेयसीला सांगितले होते की मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन. ती म्हणाली होती की काळ गेला की विसरशील. तिचा फोटो त्याने भिंतीवर ठेवला. पलंगाजवळ काही पत्रे होती, त्यांवर १९६२ हे साल होते आणि त्यांत जिथे जिथे प्रेमाचे वाक्य आले होते तिथे तिथे त्याने तांबड्या शाईने रेघ ओढली होती. त्या एका तांबड्या रेघेत या माणसाची सगळी वर्षे आली आहेत. गाण्याने त्याच्या दुःखाचे वर्णन करण्याच्या भानगडीत पडण्याचे कारणच उरलेले नाही. मग मित्र म्हणतो की आजच त्याला पाहून आलो, डोळ्यांत पाणी नव्हते, कपडे नीटनेटके होते, कुठे जायला निघाल्यासारखा दिसत होता आणि कित्येक वर्षांनी चेहऱ्यावर हसू होते. यानंतर पालुपद येते, आज त्याने तिच्यावर प्रेम करणे थांबवले, आणि तेव्हा कळते की आपण अंत्यदर्शनाचे वर्णन ऐकत होतो. दारावर पुष्पचक्र लावल्याचा उल्लेख त्यात आहे. घरात मृत्यू झाल्याची ती तिकडची जुनी खूण, ती माहीत नसेल तर हे वळण हातातून सुटते.

यानंतर जोन्स गाणे थांबवून काही ओळी नुसत्या बोलतात. ती आली होती, येईल की नाही अशी शंका होती, असे मित्र सांगतो. आवाज इथे सपाट आहे, जवळजवळ निर्विकार, आणि मागे मात्र तंतुवाद्ये आणि एक उंच स्त्रीस्वर चढत जातो. आपल्या कीर्तनात बुवा पद सोडून एकदम साध्या बोलण्यावर येतात त्या क्षणी श्रोते जसे सावरून बसतात, तसाच परिणाम इथे साधलेला आहे. हे गाणे फार उदास आहे, कोणी विकत घेणार नाही, असे खुद्द जोन्स यांचे मत होते. पुढे या गाण्यानेच त्यांची उतरणीला लागलेली कारकीर्द सावरली. जोन्स आणि गायिका टॅमी वायनेट यांचा १९६९ मध्ये विवाह झाला आणि १९७५ मध्ये घटस्फोट, त्यामुळे अनेक श्रोते हे गाणे त्या दोघांवर बसवून ऐकतात. तसे ऐकण्याची गरज नाही. पत्रांवरची तांबडी रेघ कोणाच्याही घरातली असू शकते.

वायनेट यांचे १९६८ चे ‘डी-आय-व्ही-ओ-आर-सी-ई’ हे गाणे याच ब्रॅडॉक आणि पुटमन यांनी लिहिले. चार वर्षांच्या मुलाला कळू नये म्हणून आई घटस्फोट हा शब्द अक्षरे सुटी करून उच्चारते, एवढीच त्याची कल्पना. आपल्या सीमाभागात पोरांपासून काही लपवायचे असले की थोरली माणसे मराठीतून कन्नडात जातात, आणि पोरांना कन्नड त्यांच्याहून चांगले येत असते. गाण्यातल्या त्या मुलालाही सगळे कळले असणार, असा संशय घ्यायला जागा आहे.

आता वाद्यांविषयी. लांबवर रडल्यासारखा, एका स्वरावरून दुसऱ्यावर घरंगळत जाणारा जो आवाज या गाण्यांत येतो तो स्टील गिटारचा. ही गिटार आडवी ठेवतात, डाव्या हातात पोलादी दांडी धरून ती तारांवरून सरकवतात, आणि पेडल असलेल्या प्रकारात पायांनी व गुडघ्यांनी वाजत्या तारेचा स्वर चढवता-उतरवता येतो. पडद्यांवर बोट दाबायचे नसल्याने दोन स्वरांमधली सगळी जागा वादकाला खुली असते. मींड म्हणजे काय हे बेळगाव-धारवाड पट्ट्यात कोणाला समजावून सांगायला नको; कुमार गंधर्वांचा जन्म जिथला, ते सुळेभावी बेळगावाच्या अंगणातच आहे. तेव्हा शब्दांचा कंटाळा आला तर एक वेळ केवळ स्टील गिटारचा माग काढत गाणे ऐकावे. ती बहुधा गायकाची ओळ संपल्यावर बोलते आणि त्याने न उच्चारलेले ती पुरे करते.

त्यासाठी हँक विल्यम्स यांचे १९४९ चे ‘आयम सो लोनसम आय कुड क्राय’ घ्यावे. वर सांगितलेल्या नियमाला हे गाणे अपवाद आहे : यात गोष्ट नाही, पात्रे नाहीत, वेगळे पालुपदही नाही. चार कडवी, तीन मात्रांचा संथ ठेका, आणि त्यांतली तीन कडवी शीर्षकाच्याच ओळीवर संपणारी. रात्री ओरडणारा एक पक्षी, मध्यरात्रीच्या आगगाडीचा आवाज, ढगाआड गेलेला चंद्र, गळणारी पाने, निखळणारा तारा, एवढेच सामान. तो पक्षी आपल्या रातव्याच्या कुळातला आहे, हे कळले की चित्र लगेच जवळ येते. खानापूर तालुक्यात, लोंढ्याच्या बाजूला जंगलाला लागून ज्यांची घरे आहेत त्यांनी रातव्याची हाक आणि रात्रीच्या गाडीची शिटी एकाच रात्री ऐकलेली असते. विल्यम्स १९५३ च्या १ जानेवारीला, ओहायोतील एका कार्यक्रमाला जात असताना, मोटारीच्या मागच्या आसनावर मरण पावले. वय २९. हे आधी कळले काय आणि नंतर कळले काय, गाण्यात फरक पडत नाही, पण इतक्या तरुण माणसाने ते लिहिले याचे नवल वाटते.

गरिबीवरची गाणी आपल्या भागात सर्वांत लवकर पोहोचतील, असे वाटते. डॉली पार्टन टेनेसीच्या डोंगराळ भागात बारा भावंडांत वाढल्या. त्यांच्या १९७१ च्या ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ मध्ये आई चिंध्यांची खोकी उघडून तुकड्याला तुकडा जोडत मुलीसाठी कोट शिवते आणि शिवता शिवता बायबलमधील योसेफाच्या रंगीबेरंगी अंगरख्याची गोष्ट सांगते. मुलगी तो कोट घालून मोठ्या ऐटीत शाळेत जाते, आणि मुले हसतात. ज्या घरात जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवल्या जातात, कोणता तुकडा कोणाच्या कोणत्या लुगड्याचा हे ज्या घरातल्या बाया बोट ठेवून सांगू शकतात, त्या घरातील श्रोत्याला या गाण्यावर टिपणाची गरज नाही. ऐकताना एवढेच पाहावे की मुलीला मुले का हसली ते शेवटपर्यंत नीट कळलेले नाही. ती त्यांना योसेफाची गोष्ट सांगून समजावण्याचा प्रयत्न करते. मोठ्या वयाच्या पार्टन त्या मुलीच्या बाजूने एक शब्दही जादा बोलत नाहीत, आणि हा संयमच गाण्याचे बळ आहे. हे गाणे त्यांनी प्रवासात, कपडे धुलाईच्या पावतीच्या मागल्या बाजूवर लिहिले.

याच्या शेजारी लोरेटा लिन यांचे १९७० चे ‘कोल मायनर्स डॉटर’ ठेवावे. केंटकीतील कोळसा खाणकामगाराच्या घराचे ते वर्णन आहे. उन्हाळ्यात मुलांच्या पायांत काही नाही, हिवाळ्यात डुक्कर विकून आलेल्या पैशांत टपालाने जोडे मागवायचे, कपडे घासून आईच्या बोटांतून रक्त येई. गाणे यात कुठेही कण्हत नाही, उलट अभिमानाने सांगते. खाणकामगारांवरचेच ‘सिक्स्टीन टन्स’, मर्ल ट्रॅव्हिस यांनी १९४६ मध्ये रचलेले आणि १९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्ड यांच्या आवाजात घराघरांत पोहोचलेले, दुःखापेक्षा संतापाचे गाणे आहे. मजुरी रोख न देता कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या कुपनांत द्यायची आणि त्या दुकानाची उधारी कधीच फिटू द्यायची नाही, ही त्यामागची पद्धत. हंगामाआधी उचल घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या टोळीचा हिशेब ज्यांनी आपल्या जिल्ह्यात जवळून पाहिला आहे, त्यांना कोळशाची खाण न पाहताही हे गाणे कळेल.

सैनिकांवरची गाणी ऐकताना मात्र घरातल्या माणसांचा विचार करावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे आणि आसपासच्या कितीतरी गावांत घरटी कोणी ना कोणी फौजेत आहे. ‘ट्रॅव्हलिन सोल्जर’ हे ब्रूस रॉबिसन यांनी लिहिलेले गाणे, तेव्हा डिक्सी चिक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि आता द चिक्स म्हणवणाऱ्या त्रयीने २००२ च्या अल्बमात गायले. व्हिएतनामला निघालेला अठरा वर्षांचा पोरगा एका खानावळीत वाढणाऱ्या मुलीला विचारतो की तुला पत्र लिहिले तर चालेल का, कारण पत्र पाठवायला दुसरे कोणी नाही. पत्रे येत राहतात, मग थांबतात. शेवटी शाळेच्या फुटबॉल सामन्याआधी युद्धात पडलेल्या स्थानिक मुलांची नावे वाचली जातात. त्याच्या नावाकडे कोणाचे फारसे लक्ष नसते, फक्त वाद्यवृंदातली तीच मुलगी प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एकटी रडत असते. गावात ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्या नावावर कोण रडणार, हा या गाण्याचा खरा प्रश्न आहे. ज्या घरातला मुलगा सध्या सीमेवर आहे तिथे हे गाणे लावू नये, एवढे तारतम्य श्रोत्याने बाळगावे.

जॉन प्राइन यांचे १९७१ चे ‘सॅम स्टोन’ याहून कठोर आहे. युद्धावरून पदक आणि मॉर्फीनचे व्यसन घेऊन परतलेल्या बापाची ही हकिकत, आणि तिचे पालुपद त्याच्या मुलांच्या नजरेतून आलेले. प्राइन स्वतः फौजेत होते, नंतर टपाल वाटण्याचे काम करीत. कंट्री की लोकगीत असा वाद या गाण्यावर घालता येईल, पण त्यात वेळ दवडण्यासारखे काही नाही.

गाणाऱ्याचे चरित्र किती माहीत असावे, हा प्रश्न पुढे येतोच. माझे मत असे की पहिल्यांदा गाणे कोरे ऐकावे आणि हकिकत नंतर वाचावी. याला एक कारण मर्ल हॅगार्ड यांच्या गाण्यात सापडते. १९६८ च्या ‘मामा ट्राइड’ मध्ये एकविसाव्या वर्षी जन्मठेप भोगणारा मुलगा सगळा दोष स्वतःकडे घेतो. आईने आपल्या परीने केले, असे म्हणतो. हॅगार्ड खरोखर सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात होते, जॉनी कॅश यांचा कार्यक्रम त्यांनी तिथे कैदी म्हणून पाहिला, पण शिक्षा जन्मठेपेची नव्हती आणि १९६० मध्ये ते सुटले. चरित्र आधी वाचणारा श्रोता गाण्यात खरे-खोटे तपासत बसतो आणि त्या आईकडे त्याचे लक्ष जात नाही. डॉली पार्टन यांच्या ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ बाबत उलटे होते. व्हिटनी ह्यूस्टन यांच्या १९९२ च्या आवाजात ते आपल्याकडे सर्वांनी ऐकले आहे आणि प्रेमभंगाचे गाणे म्हणून ऐकले आहे. पार्टन यांनी ते ज्यांच्या कार्यक्रमातून त्या पुढे आल्या त्या पोर्टर वॅगनर यांचा निरोप घेताना लिहिले होते. हे कळल्यावर १९७४ चे मूळ गाणे लावावे. तिथला आवाज लहान आहे, ओरडत नाही, आणि उपकार मानून निघून जाणाऱ्या माणसाची सारी अडचण त्यात ऐकू येते.

जॉनी कॅश यांचे २००२ चे ‘हर्ट’ मुळात कंट्री नाहीच. ते ट्रेंट रेझनर यांचे १९९४ चे रॉक गाणे. सत्तरीतल्या, थकलेल्या, थरथरणाऱ्या आवाजात ते आले आणि जणू कॅश यांच्याचसाठी लिहिले असावे असे झाले. एका ठिकाणी त्यांनी मूळ शिवराळ शब्द काढून मुकुट काट्यांचा केला, आणि तेवढ्याने ओळ ख्रिस्ताच्या दिशेने वळली. हे गाणे आधी नुसते ऐकावे आणि मगच मार्क रोमानेक यांनी केलेली चित्रफीत पाहावी, कारण चित्रफीत इतकी बोलकी आहे की ती एकदा पाहिल्यावर गाणे वेगळे ऐकता येत नाही. बंद पडलेले कॅश यांचे संग्रहालय, टेबलावर सांडलेली वाइन, जिन्यावर उभ्या राहून नवऱ्याकडे पाहणाऱ्या जून कार्टर. त्या २००३ च्या मे महिन्यात गेल्या, कॅश सप्टेंबरमध्ये. व्हिन्स गिल यांच्या ‘गो रेस्ट हाय ऑन दॅट माउंटन’ या १९९५ च्या गाण्यालाही अशीच दुहेरी पार्श्वभूमी आहे : गायक कीथ व्हिटली १९८९ मध्ये गेले तेव्हा ते सुरू झाले, अर्धे राहिले, आणि गिल यांचा भाऊ १९९३ मध्ये गेल्यावर पुरे झाले. जॉर्ज जोन्स यांच्या २०१३ मधील अंत्यविधीत गाताना गिल यांचा गळा दाटला आणि पॅटी लव्हलेस यांनी ओळ सावरली. ते ध्वनिचित्रमुद्रण मूळ गाण्यानंतर पाहण्यासारखे आहे.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. जुन्या गायकांनी आपली गाजलेली गाणी उतारवयात, दुसऱ्या कंपन्यांसाठी, पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली असतात आणि अॅपवर शोधले की कित्येकदा तीच आधी समोर येतात. आवाज तोच, नाव तेच, पण साथ गुळगुळीत आणि जीव गेलेला. म्हणून गाणे लावण्यापूर्वी साल पाहावे आणि ते वर दिलेल्या सालांच्या जवळपास नसेल तर पुढे शोधावे. आपोआप पुढचे गाणे लागण्याची सोय बंद करावी. नाहीतर एका मृत्यूच्या गाण्यामागून पिकअप गाडी, बीअर आणि शनिवार रात्र यांवरचे एखादे टवाळ गाणे येऊन आदळते, आणि त्या प्रकाराला तिकडे तोटा नाही. एका बैठकीत दोन, फार तर तीन गाणी पुरे. पहिल्यांदा इयरफोनवर ऐकावे म्हणजे शब्दांचे शेवट कळतात. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना ऐकायचे असेल तर गाणी आधीच उतरवून घ्यावीत, कारण घाटात नेटवर्क दगा देते आणि ते नेमके शेवटच्या कडव्याला देते. गाडी स्वतः चालवत असाल तर मात्र यातली गाणी टाळावीत.

ब्रॅड पेज्ली आणि अॅलिसन क्राउस यांचे २००४ चे ‘व्हिस्की लुलाबाय’ अतिशय सुरेल आहे आणि त्यात दारू आणि आत्मनाश यांखेरीज दुसरे काही नाही. घरात अशी घटना घडलेली असेल, किंवा स्वतःचे मन ठिकाणावर नसेल, तर ते बाजूला ठेवावे आणि कोणाशी तरी बोलावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. नुकत्याच झालेल्या दुःखात गाणी ऐकून मोकळे वाटते हे खरे असले तरी प्रत्येक गाण्याच्या बाबतीत ते खरे नाही.

गाव सोडून पुण्या-मुंबईला, गोव्याला किंवा त्याहून दूर गेलेल्यांसाठी मिरांडा लॅम्बर्ट यांचे २०१० चे ‘द हाउस दॅट बिल्ट मी’ राखून ठेवावे. मोठी झालेली मुलगी आपल्या जुन्या घराच्या दारात उभी आहे, घर आता दुसऱ्यांचे आहे, आणि ती त्या अनोळखी बाईंना आत येऊ देण्याची विनंती करते आहे. पायरीवर उमटवलेले हात माझे आहेत, अंगणातल्या झाडाखाली माझा कुत्रा पुरला आहे, असे सांगते. गाणे सगळे त्या उंबऱ्यावरच्या बोलण्यात आहे. घर विकले गेल्यावर त्या गल्लीतून जाताना मान वळवून पाहणाऱ्यांची संख्या आपल्याकडेही कमी नाही.

इंग्रजी न जाणणाऱ्या घरच्या मोठ्या माणसांना ही गाणी ऐकवायची असतील तर गोष्ट आधी मराठीत सांगावी, शेवट तेवढा राखून ठेवावा, आणि शेवटचे कडवे सुरू होण्यापूर्वी एका वाक्यात तोही सांगून टाकावा. गाणे चालू असताना ओळीओळीला अर्थ सांगत बसू नये. सुरुवात ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ पासून करावी, कारण वाकळ म्हटले की पुढे फारसे सांगावे लागत नाही. जॉन प्राइन यांचे ‘हेलो इन देअर’ मात्र विचार करून लावावे. त्यात एक म्हातारे जोडपे आहे, मुले दूर शहरांत गेलेली, एक मुलगा कोरियाच्या युद्धात गमावलेला, आणि दोघांत बोलण्यासारखे काही उरलेले नाही. ज्यांची मुले परगावी आहेत अशा काकाकाकूंसमोर ते आपण होऊन लावू नये; त्यांनीच विचारले की या माणसाचे आणखी काही आहे का, तर लावावे, आणि लावल्यावर घड्याळाकडे न पाहता तिथेच बसून राहावे.